कर्टचा बर्थ

माझा धाकटा भाऊ वेंडल स्कोग्लंड जन्मभर काउंटीच्या रस्तेखात्यात होता. उन्हाळ्यात खडीचे रस्ते सपाट करायचे आणि हिवाळ्यात बर्फ बाजूला सारायचा, हे त्याचं काम. उजाडायच्या आत त्याचा ट्रक आमच्या शेतावरून घरघरत गेला की माझा नवरा, जिवंत होता तेव्हा, पांघरुणातूनच म्हणायचा, "गेला गं तुझा भाऊ. ऊठ, कॉफी टाक." वेंडलला बोलायचा मनस्वी कंटाळा. चर्चच्या तळघरात कॉफीला बसला तरी वारा कुठून येतोय तेवढं सांगायचा आणि उठायचा. पण नजरेचा अंदाज असा पक्का, की कसलंही धूड अरुंद जागेतून मागे घ्यायचं असलं की लोक त्यालाच बोलवायचे.

आमच्याकडे मिनेसोटात नोकरी संपली की माणसं गाडीमागे ओढायचं घर, म्हणजे ट्रेलर, विकत घेतात आणि बर्फ पडायच्या आत ॲरिझोनाच्या वाळवंटात पळतात. वसंतात परत येतात ती भाजलेली नाकं घेऊन, आणि मग उरलेलं वर्ष आम्हाला तिथल्या उन्हाचं कौतुक ऐकवतात. वेंडल आणि त्याची बायको ॲर्डिस यांना मात्र कुणी कधी गाव सोडताना पाहिलं नव्हतं. माझ्या मुलीचं लग्न शेजारच्या राज्यात झालं, तर वेंडल एकटा आला आणि जेवण झाल्याबरोबर निघाला. ॲर्डिस घरी होती. तिला फोनजवळ बसायचं होतं.

फोनचं असं झालं. त्यांचा एकुलता एक मुलगा कर्ट. उंच, बापासारखा अबोल आणि आईसारखा हट्टी. एकविसाव्या वर्षी, एका जानेवारीत, नेवाडात खाणीवर काम मिळतंय म्हणून तो पिकअप घेऊन निघाला. वायोमिंगमधल्या एका ट्रक थांब्यावरून त्याने घरी फोन केला. वादळामुळे पुढचा रस्ता बंद केलाय, उघडला की निघतो, पोचलो की फोन करतो, असं म्हणाला. तो फोन आलाच नाही. वादळ सरल्यावर त्याची गाडी त्याच थांब्याच्या मागच्या अंगाला सापडली. किल्ली आत, जेवणाचा डबा सीटवर. कोट तेवढा नव्हता. पोलिसांनी शोधलं. वेंडल स्वतः जाऊन शोधून आला, बर्फ वितळल्यावर पुन्हा गेला. काही म्हणजे काही हाती लागलं नाही.

दुसऱ्यांदा परत आला त्या दिवशी वेंडल माझ्या स्वयंपाकघरात टोपी न काढता उभा होता. "फर्न," तो मला म्हणाला, "तसल्या वाऱ्यात माणूस गाडीतून उतरला, की त्याला परत गाडी दिसत नाही." बर्फात माणसाचं काय होतं ते त्याच्याइतकं आमच्या काउंटीत कुणाला माहीत नव्हतं. पण हे तो ॲर्डिसला कधी बोलला नाही. ॲर्डिसने फोनपाशी खुर्ची ओढली आणि तिथे ठाण मांडलं. नंबर तोच राहिला पाहिजे, कारण कर्टला तोच पाठ होता. अशी बावीस वर्षं गेली.

वेंडल निवृत्त झाला त्या वर्षी कुणीतरी ॲर्डिसला सांगितलं, की घरचा नंबर आहे तसाच मोबाइलवर घेता येतो. तिने पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. मग तो नंबर तिच्या एप्रनच्या खिशात आला, आणि त्याच आठवड्यात बाई म्हणाली, "वेंडल, ट्रेलर घेऊ या. पश्चिमेला जाऊ." मला वाटलं, सुटली बिचारी एकदाची. चर्चमधल्या चार बायकांना मी तसं सांगितलंसुद्धा. माझी अक्कल तेवढीच चालली.

वेंडलला लहान ट्रेलर हवा होता. सोळा फुटी. एक पलंग, एक टेबल, दोन शेगड्या आणि उभ्याने अंघोळ करता येईल एवढा कोपरा. त्याचं म्हणणं रास्तच होतं. जुन्या सरकारी उद्यानांत मुक्कामाच्या जागा आखूड असतात, झाडं दाटीने उभी असतात, तिथे लांब ट्रेलर शिरत नाही. शिवाय त्याचा पिकअप जेवढं ओढतो तेवढंच ओढणार. विकणारा जे वजन सांगतो ते रिकाम्या ट्रेलरचं असतं, त्यात पाणी, गॅस, भांडीकुंडी आणि बायकोची खोकी धरलेली नसतात.

"दोन माणसांना किती लागतं?" तो म्हणायचा.

"तीन," ॲर्डिस म्हणायची. कॉफीत साखर किती, याचं उत्तर द्यावं तशी.

ट्रेलर घ्यायच्या आधी आमच्याकडे शेडच्या फरशीवर चिकटपट्टीने त्याचा खऱ्या मापाचा नकाशा आखतात आणि त्यात चार दिवस वावरून बघतात. विकणाऱ्याच्या रंगीत कागदावर सगळंच ऐसपैस दिसतं. पट्टीच्या आत उभं राहिलं की नवराबायकोचे पाय एकमेकांच्या पायांवर पडतात आणि डोकी ठिकाणावर येतात. वेंडलने यंत्रांची शेड झाडली आणि रंगाऱ्याच्या निळ्या पट्टीने सोळा फुटी घर आखलं. मी केक घेऊन गेले, तर दोघं आत घडीच्या खुर्च्यांवर गुडघ्याला गुडघे लावून बसली होती.

"दारातून ये," वेंडल म्हणाला. मी भिंतीतून आत शिरले होते.

पुढच्या आठवड्यात गेले तर घर लांबलं होतं. ॲर्डिसने मागच्या बाजूला पट्टी वाढवून एक अरुंद चौकोन जोडला होता. त्यात घडी केलेली एक चादर ठेवली होती, बाकी नुसती फरशी.

"हे काय आता?" मी विचारलं.

"कर्टचा बर्थ."

मी वेंडलकडे पाहिलं. तो खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधत होता. मला राग आला, आणि राग आला की मला गप्प बसता येत नाही. "ॲर्डिस, ट्रेलर एवढा लांबवलास की ओढणारी गाडीसुद्धा बदलावी लागेल. कशासाठी, तर रिकाम्या बर्थसाठी?"

"रिकामा कसा? भेटला तर त्याला काय खुर्चीत बसवून आणू इथवर?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही सहल नव्हतीच. बाई मुलगा शोधायला निघाली होती.

"ॲर्डिस, पुरे कर," वेंडल म्हणाला.

तिने आवाज चढवला नाही. "बरं. मग तोंडाने म्हण. माझ्याकडे बघ आणि म्हण, कर्ट मेलाय. मी आत्ता ही पट्टी उचलते. उद्या जाऊन तुझा सोळा फुटी घेऊ."

शेडचा पत्रा वाऱ्याने वाजत होता. वेंडलने तोंड उघडलं आणि मिटलं. मग हातोडी आणतो म्हणून तो मागच्या कपाटाकडे निघाला. सरळ वाट त्या चौकोनातून होती. तो चौकोनाला वळसा घालून गेला, आणि येतानाही वळसा घालून आला. खाली नुसती चिकटपट्टी होती, तरी त्याने आत पाय टाकला नाही. ॲर्डिस ते बघत होती. तिने केक कापला, पहिला तुकडा त्याच्यापुढे ठेवला, आणि विषय तिथेच मिटला.

मग आम्ही तिघं विकणाऱ्याच्या पटांगणात गेलो. मला नेलं ते दोघांत भांडण झालं तर मध्ये कुणी असावं म्हणून. असल्या ठिकाणी लाज गुंडाळून ठेवावी लागते. बूट काढून पलंगावर आडवं व्हायचं, अंघोळीच्या कोपऱ्यात शिरून हात फिरवून बघायचे, संडासावर बसून दार लागतं का तेही बघायचं. मी सगळं इमानाने केलं. विकणारा पोट सुटलेला, गोड बोलणारा गृहस्थ होता. मागचे बर्थ दाखवताना तो म्हणाला, "हे एकदम छान. नातवंडं आली की खूश."

"नातवंडं नाहीत. मुलगा आहे," ॲर्डिस म्हणाली.

"अरे वा. केवढा?"

"त्रेचाळीस."

गृहस्थाला कुठे बघावं कळेना. तेवढ्यात वेंडल खाली बसला आणि बूट काढायला लागला. मला वाटलं, दमला. तो त्या पोरांच्या बर्थवर चढला आणि उताणा पडला. मोज्यातली पावलं कडेच्या बाहेर आली.

"हा नाही चालायचा," तो छताकडे बघत म्हणाला. "पाय बाहेर येतात. तो माझ्यापेक्षा दोन बोटं उंच."

ॲर्डिसने त्याच्या घोट्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मी बाहेर जाऊन उभी राहिले, कारण मला रडायला येत होतं आणि परक्या माणसापुढे रडायची आमच्या घरात पद्धत नाही.

त्या दिवशी माझा भाऊ पटांगणातल्या जवळजवळ प्रत्येक बर्थवर आडवा होऊन आला. शेवटी तीस फुटी ट्रेलरमध्ये त्याचे पाय मावून वर टीचभर जागा उरली. या ट्रेलरची एक भिंत मुक्कामाला बाहेर सरकवायची आणि प्रवासात आत घ्यायची अशी होती. वेंडलने ती मुद्दाम आत घ्यायला लावली आणि फटीतून अंग चोरत मागे जाऊन आला.

"कशाला हो?" विकणाऱ्याने विचारलं. "झोपताना भिंत बाहेरच असते."

"वाटेत कुठे घेतला त्याला, आणि लगेच आडवं व्हायचं असलं तर?" वेंडल म्हणाला. "वाट पाहिजे."

तो ट्रेलर ओढायला गाडीही मोठी घ्यावी लागली. वेंडलने तिच्याही कागदांवर सही केली.

ट्रेलरवाल्या लोकांत दाराशी पाटी लावायची रीत आहे. लाकडावर कोरलेलं आडनाव, खाली घरातल्यांची नावं, गाव. म्हणजे येणाराजाणारा नावाने हाक मारतो. आमच्या शाळेतले सुतारकामाचे जुने मास्तर अशा पाट्या करून चर्चच्या जत्रेत विकतात. ॲर्डिसने त्यांच्याकडून करून घेतली. वर स्कोग्लंड आणि खाली तीन नावं, वेंडल, ॲर्डिस, कर्ट. मास्तरांनी कर्टला शिकवलं होतं. त्यांनी तिसरं नाव जरा जास्तच खोल कोरलं, असं मला वाटलं. वेंडलने पाटी पाणसळ लावून सरळ टांगली.

पहिल्या हिवाळ्यात ते वायोमिंगवरून उतरत नेवाडामार्गे ॲरिझोनाला गेले. फेब्रुवारीत मी विमानाने जाऊन त्यांच्यात राहिले. मागचा बर्थ नीट चादर खोचून, उशी फुगवून तयार होता. मला मात्र जेवणाचं टेबल खाली पाडून त्यावर गादी टाकून दिली. सत्तरीच्या बाईला! मी कुरकुर केली तर ॲर्डिस म्हणाली, "तो बर्थ कर्टचा आहे, फर्न. अचानक आला तर तुला उठवावं लागेल." रोज सकाळी माझे गुडघे धरायचे आणि रोज मी ते दोघांना ऐकवायचे.

ट्रेलरवाल्यांच्या त्या छावणीत लोक पाटी वाचत यायचे. "तुम्ही वेंडल. या ॲर्डिस. आणि कर्ट कुठाय?"

"फिरायला गेलाय," ॲर्डिस सांगायची. "येईल एवढ्यात." माझी ओळख कर्टची आत्या अशी करून दिली जायची. मी ओठ घट्ट मिटून घ्यायचे.

गार्नेट नावाचा एक शेतकरी, कॅनडातल्या मॅनिटोबाचा, आमच्या शेजारी मुक्कामाला होता. एका सकाळी तो कॉफीचा मग हातात घेऊन आला. "तुमचा मुलगा भेटला आज नळावर," तो सहज म्हणाला. "मी हाक मारली, काय कर्ट, झोप झाली का? नुसती मान हलवली. बोलत नाही वाटतं फारसा?"

माझ्या हातातला चमचा खाली पडला. ॲर्डिस मात्र शांतपणे म्हणाली, "नाही. बापावर गेलाय." मग पुढे वाकून तिने विचारलं, "काय घातलं होतं त्याने?"

"तपकिरी कोट. एवढ्या उन्हात! आणि दाढी. पिकायला लागलीये."

तो गेल्यावर मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, या वाळवंटात कोट घातलेले, दाढीवाले एकांडे पुरुष ढिगाने आहेत. लोकांनी पाटी वाचलीये, त्यामुळे आपल्या बाजूने कुणीही गेला की तो त्यांच्या लेखी कर्ट होतो. ॲर्डिस म्हणाली, "असेल." आणि दुपारी टेबलावर एक बशी जास्तीची मांडली.

त्यानंतर तर सुरूच झालं. कुणाला तो कचऱ्याच्या पिंपांजवळ दिसला. एका बाईची गाडी वाळूत रुतली होती, ती त्याने ढकलून दिली. बाईने त्याच्यासाठी बिस्किटं आणून दिली, आणि ॲर्डिसने ती डब्यात घालून बर्थच्या उशाशी ठेवली. ती प्रत्येकाला विचारायची, लंगडत होता का, खोकला होता का, हाक मारल्यावर वळला का. लोक आठवून आठवून सांगायचे. चांगली माणसं होती, त्यांना शेजारणीला नाही म्हणवत नव्हतं. तिच्या गालांवर रंग आला. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

ट्रेलरच्या पायरीवर कुणी पाय ठेवला की सगळं घर त्या बाजूला थोडं झुकतं. एका दुपारी आम्ही तिघं आत पत्ते खेळत होतो. घर झुकलं. तिघांनीही दाराकडे पाहिलं. दार उघडलं नाही. वेंडलने हातातले पत्ते पालथे ठेवले.

"वारा," मी म्हणाले.

ॲर्डिस उठली आणि तिने दाराची कडी काढून ठेवली. मी तिथे होते तोवर ती कडी पुन्हा लागली नाही.

वेंडलचं काय चाललंय ते मला जरा उशिरा कळलं. तो रोज सकाळी बादली घेऊन नळावर जायचा. एकदा मी मागोमाग गेले. तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे बघत होता.

"तूसुद्धा?" मी म्हटलं.

"पाणी भरायला आलोय."

"ट्रेलरची टाकी भरलीये, वेंडल."

"असू दे," तो म्हणाला, आणि पुन्हा वाटेकडे बघायला लागला. वाऱ्यात माणसाचं काय होतं ते मला सांगणारा हाच तो. मी परत येऊन माझी बॅग भरली. मला तिथे भीती वाटायला लागली होती, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं.

सप्टेंबरमध्ये, घरी, बटाटे खणताना ॲर्डिस वाफ्यातच कोसळली. हृदय थांबलं. वेंडलला ती सापडली तेव्हा तिचा हात एप्रनच्या खिशावर होता. त्याने फोन काढला, पुसला आणि आपल्या खिशात ठेवला.

तो फोन तिच्या अंत्यविधीत वाजला. पाद्रीबुवा प्रार्थना म्हणत होते, सगळं चर्च माना खाली घालून उभं होतं, आणि वेंडलच्या कोटात तो खणखणायला लागला. कुणी दुसरा असता तर घाईने बंद केला असता. वेंडलने तो कानाला लावला. पाद्रीबुवा थांबले. "हॅलो," वेंडल म्हणाला. गाडीचा विमा विकणारा ध्वनिमुद्रित आवाज होता. मी शेजारी होते, मला ऐकू येत होता. माझ्या भावाने तो शेवटपर्यंत ऐकला. मग त्याने पाद्रीबुवांकडे बघून मान हलवली आणि त्यांनी प्रार्थना पुढे सुरू केली. त्या चर्चमध्ये एरवी एवढ्यातेवढ्याला कुजबुज होते, पण त्या दिवशी कुणी खोकलंसुद्धा नाही.

थंडी सुरू झाली तसं मी त्याच्या मागे लागले. एकटा माणूस, एवढं लांब धूड कशाला ओढतोस? तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी त्याला त्याच पटांगणात घेऊन गेले. त्याला हवा होता तसला सोळा फुटी तिथे उभा होता. हलका, आटोपशीर, कुठल्याही उद्यानात शिरेल असा. वेंडल आत गेला आणि पलंगाच्या कडेवर बसला. हात गुडघ्यांवर. विकणारा तोच होता. त्याने हळूच विचारलं, "आता किती जण असता तुम्ही?"

वेंडल गादीवरची सुरकुती हाताने सरळ करत राहिला. विकणारा समजूतदार, तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मी वेंडलच्या शेजारी बसले. म्हटलं, "तिने तुला अट घातली होती ना? मग म्हणून टाक आता. पोरगं तेव्हाच गेलं. तुला पहिल्या दिवसापासून माहितीये. म्हण, आणि हा घे."

त्याने हात पुढे करून समोरच्या शेगडीचं बटण फिरवलं आणि परत बंद केलं. "तिला म्हणायचं होतं, फर्न," तो म्हणाला. "तिच्याकडे बघून. तेव्हा जमलं नाही. आता कुणाकडे बघून म्हणू?"

आम्ही उठून घरी आलो. नोव्हेंबरमध्ये त्याने तीस फुटी गाडीला जोडला. त्याला एकट्याला जाऊ देण्याइतकं माझं काळीज घट्ट नव्हतं, म्हणून मीही शेजारच्या सीटवर चढून बसले. वायोमिंगमधल्या त्या थांब्यावर त्याने गाडी मागच्या अंगाला घेतली. आम्ही उतरलो नाही. दोघांनी डब्यातली सँडविचं खाल्ली आणि पुढे निघालो.

ॲरिझोनात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वेंडलने भिंत बाहेर सरकवली, खाली ठोकळे लावले, पाटी टांगली. तीन नावांची, आहे तशी. मी जेवणाचं टेबल खाली पाडायला घेतलं तर तो म्हणाला, "राहू दे ते. तुझे गुडघे दुखतात. मागे बर्थवर झोप."

गेल्या खेपेला याच वाक्यासाठी मी किती तोंड वाजवलं होतं. मी उशी घेऊन मागे गेले. चादर ॲर्डिसनेच खोचलेली होती, कोपरे तिच्या पद्धतीने दुमडून. उशाशी बिस्किटांचा डबा. मी उशी ठेवली. एक हात गादीवर टेकला, वर चढायला म्हणून. चढता येईना. माझा बर्थवर विश्वास नव्हता, कोटवाल्यावर नव्हता, कशावरच नव्हता, तरी माझा गुडघा उचलेना. मी उशी उचलली आणि पुढे येऊन टेबल खाली पाडायला लागले. खटका जोरात वाजला. पलंगावरून वेंडलने तो ऐकला असणार.

सकाळी घर झुकलं. मी उठून बसले. मग दारावर टकटक झाली, आणि गार्नेटचा आवाज आला. तो यंदाही तिथेच मुक्कामाला होता. हातात तोच मग. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"आलात का!" तो म्हणाला. "पाटी बघितली आणि म्हटलं, चला, स्कोग्लंड मंडळी आली. ॲर्डिस कुठाय? आणि कर्ट?"

वेंडल दारात उभा होता. त्याने तोंड उघडलं, शेडमध्ये उघडलं होतं तसंच. त्याचा हात खिशातल्या फोनवर गेला. मी बघत होते, आणि मला कळत होतं की हा माणूस आता इथे माझ्यासमोर मोडून पडणार.

"दोघं फिरायला गेलेत," मी म्हणाले. "येतील एवढ्यात."

गार्नेटने मान डोलावली, मग नंतर येतो म्हणाला आणि पायरी उतरून गेला. घर सरळ झालं. वेंडलने वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्याने कोपऱ्यातली बादली उचलली आणि तो नळाकडे निघाला. टाकी आम्ही कालच काठोकाठ भरली होती. मी त्याला ते सांगितलं नाही, आणि तो गेल्यावर दाराला कडीही लावली नाही.